खाणकामगाराच्या गळ्यातली रेघ

माझ्या नवऱ्याच्या हातून चाळीस वर्षांत एकही चूक झाली नाही, आणि त्यापायीच आमचं वाटोळं झालं. लोक म्हणतात, हर्मीना, असं उलटं काय बोलतेस? मी उलटं बोलत नाही. झालं तसं सांगते.

आलोइस कुबात पोस्टाच्या तिकिटांचे ठसे कोरायचा. प्रागमध्ये हे काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांत आलोइसचं नाव पहिलं. चित्रकार चित्र काढतो ते ताटाएवढं. कोरणाऱ्याने ते दोन बोटांएवढ्या पोलादाच्या तुकड्यावर उतरवायचं, तेही आरशात दिसावं तसं उलटं. डोक्यावरचा एकेक केस, कपाळावरची एकेक आठी, आभाळाच्या बारीक रेघा, सगळं कोरणीच्या टोकाने. कागदावर चुकलं तर खोडता येतं. पोलादावर चुकलं तर तुकडा पालथा घालून मागून ठोकायचा, ती जागा वर आणायची, घासून सपाट करायची आणि पुन्हा नव्याने कोरायचं. इतरांच्या ठशांच्या पाठीवर हातोडीचे पोचे असत. आलोइसच्या ठशाची पाठ अगदी गुळगुळीत. छापखान्यात ती नवशिक्यांना मुद्दाम दाखवत. कुबातची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं तिथे बोललं जाई आणि हा ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचा.

आमच्या देशाला तिकिटांचं वेडच आहे. ट्रामचा कंडक्टर घ्या, दातांचा डॉक्टर घ्या, चर्चमधला पाद्री घ्या, प्रत्येकाच्या घरी अल्बम आणि खिशात भिंग. नवं तिकीट निघालं की पोस्टापुढे रांग लागते आणि रांगेतच भिंगं डोळ्यांना जातात. चूक सापडली तर काय विचारता! आमचं प्रजासत्ताक जन्मलं तेव्हाच्या पहिल्या तिकिटावर प्रागचा किल्ला होता आणि किल्ल्यामागून सूर्य वर येत होता. आता त्या बाजूला सूर्य कधी उगवतच नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळं शहर पोट धरून हसलं. पुढे चित्र बदललं तेव्हा सूर्य गुपचूप काढून टाकला आणि विषय संपला. कुणाच्या हातात बेड्या पडल्या नाहीत.

मग जर्मन आले आणि तिकिटांवर त्यांचा तो मिशीवाला आला. ते गेले. मग आमचे कॉम्रेड आले. फुलं, किल्ले, जुने पूल मागे पडले. हातोडे आले, ट्रॅक्टर आले, धुरांडी आली. तिकिटावरची माणसं सारखी हसायला लागली. गवळण हसते, लोहार हसतो, मला तर वाटायचं आता गायही दात काढील. मी असं काही बोलले की आलोइस खिडकी लावून घ्यायचा. त्याला स्वतःला कशाचंच काही नव्हतं. म्हणायचा, राजा असो की ट्रॅक्टर, माझ्यापाशी आला की त्याच्या रेघाच होतात. आमच्या तिकिटांची एक रीत आहे: खालच्या काठाला, लिखेएवढ्या अक्षरांत, डावीकडे चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे कोरणाऱ्याचं. त्या लिखेएवढ्या नावासाठी हा माणूस जगत होता. मूलबाळ नव्हतं आम्हाला. जे होतं ते एवढंच.

आणि त्याचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. आधी मधोमध एक राखाडी ठिपका आला, मग तो काळा झाला आणि पसरला. कडेने दिसायचं, समोरचं दिसायचं नाही. रस्त्याने तो नीट चालायचा, शेजाऱ्याला टोपी काढून नमस्कार करायचा, कुणाला शंका यायची नाही. पण ताटातला बटाटा शोधायला त्याला काटा ताटभर फिरवावा लागायचा. मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाला, गेलो की कागदावर आलं, आणि कागदावर आलं की काम गेलं. दरवर्षी छापखान्याच्या दवाखान्यात डोळे तपासत. तिथला अक्षरांचा तक्ता वर्षानुवर्षं तोच, सगळ्या सरकारी दवाखान्यांत असतो तोच. याने तो अगदी खालच्या ओळीपर्यंत तोंडपाठ केला होता आणि घडाघडा म्हणून दाखवायचा. डॉक्टर म्हणायचा, कुबात, या वयात हे डोळे म्हणजे देणगी आहे देवाची. आणि हा घरी येऊन मला ते सांगून हसायचा. मला मेलीला रडू फुटायचं.

मग आम्ही दोघं मिळून कोरायला लागलो. कोरणारे घरीच काम करत, त्यामुळे ताकास तूर लागायचं कारण नव्हतं. मी चित्र बघून सांगायची, तो डाव्या अंगठ्याचं नख पोलादावरून फिरवत जागा शोधायचा आणि कोरायचा. कोरून झालं की मी भिंगातून बघायची. दोन वर्षं असं चाललं. तीन तिकिटं निघाली. कुणाला काही कळलं नाही. मी रोज म्हणायची, आता पुरे, सन्मानाने बाजूला हो. तो म्हणायचा, बाजूला होऊन करू काय, कबुतरांना दाणे टाकू? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

खाणकामगाराचं तिकीट बावन्न सालच्या शरदात आलं. चित्र राडोमिर व्होन्द्राचं. राडोमिर आमच्या घरचाच म्हणायचा, दर रविवारी माझ्या हातचे डम्पलिंग आणि आंबट कोबी खाऊन जायचा. चित्रात एक खाणकामगार, हातात दिवा, खांद्यावर फावडं, मागे खाणीचा उंच सांगाडा. तोंड अर्थातच हसरं. बहुतेक काम झालं होतं, मानेजवळच्या सावलीच्या रेघा राहिल्या होत्या. इतक्यात कोलीनहून माझ्या बहिणीचा निरोप आला, ती शेवटच्या घटका मोजत होती. मी आलोइसला शपथ घालून गेले, मी परत येईतो ठशाला हात लावायचा नाही. बहिणीला माती देऊन परत आले तर टेबल रिकामं. ठसा छापखान्यात गेला होता. मी कोटसुद्धा न काढता त्याला बोलले. तो म्हणाला, त्यांना घाई होती, आणि तुझ्याशिवाय मला काही येतच नाही असं वाटतंय का तुला?

तिकीट निघालं त्या दिवशी मी पोस्टातून चार घेऊन आले आणि खिडकीशी बसून भिंग लावलं. मानेच्या सावलीतली एक रेघ घसरली होती. कामगाराच्या गळ्याभोवती ती गोल फिरली होती, कानामागून वर निघाली होती आणि मागच्या सांगाड्याच्या आडव्या खांबाला जाऊन टेकली होती. आंधळ्यालाही कळावं, माणूस फासावर लटकलाय. हसत हसत.

छापखान्यात सगळ्यांनी ते बघितलं असणार. पण कुबातची रेघ! कुबातने काढली म्हणजे मफलर असेल, दोरी असेल, काहीतरी असेलच. कुणाची विचारायची छाती झाली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे खरोखरच माणसं फासावर जात होती. रेडिओवर खटले चालत, कारखान्यांतून ठराव होत की गद्दारांना दया नको. अशा वेळी हे तिकीट. मी आलोइसला सांगितलं. तो आधी हसला. मग त्याने तिकिटावरून बोट फिरवलं. आमच्या तिकिटांची शाई कागदावर उठलेली असते, नखाला लागते. त्याचं बोट कामगाराच्या कानामागून वर गेलं आणि तिथेच थांबलं.

मी त्याच्या पाया पडायची बाकी ठेवली होती. म्हटलं, आत्ताच्या आत्ता छापखान्यात जा आणि सांग, हात घसरला, डोळ्यांनी दिसत नाही, छपाई थांबवा. फार तर हाकलतील. तो म्हणाला, उद्या जातो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कुणाच्या लक्षात येणार नाही. मी म्हटलं, अरे, या देशात? जिथे रांगेतला प्रत्येक माणूस भिंग घेऊन उभा आहे? तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आणि मग कुणीतरी बघितलं, कुणीतरी कुणाला तरी कळवलं, आणि सकाळी आम्ही चिकोरीची कॉफी पीत असताना ते आले. आलोइसने शांतपणे कोट घातला. दारातून जाताना त्याचा खांदा चौकटीला आपटला तेवढाच.

त्यानंतर मी काय काय केलं ते विचारू नका. वकिलांच्या दारात गेले. एकाने ऐकून घेतलं आणि मला मागच्या जिन्याने जायला सांगितलं. राडोमिरकडे गेले. म्हटलं, तू आमच्याकडे येतोस-जातोस, तुला ठाऊक आहे आलोइस पेल्याच्या बाहेर बिअर ओततो ते, एवढंच जाऊन सांग. तो दार अर्धं उघडं ठेवून उभा होता. म्हणाला, माझ्या चित्रात ती रेघ नाही एवढं मी सांगितलंय, आणखी मला काही ठाऊक नाही. वर म्हणाला, हर्मीना, मला दोन मुली आहेत. दार लागलं. त्याला मी तिथेच जिन्यात उभं राहून शिव्या दिल्या, पण मनातल्या मनात, कारण भिंतींनाही कान होते तेव्हा.

शेवटी तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने मला बोलावलं. श्तेर्बा त्याचं नाव. मी घाबरून गेले होते, वाटलं टेबलावर मूठ आपटील. तर हा बापडा सभ्य, बारीक चणीचा, हात धुतलेले स्वच्छ. मला खुर्ची दिली. आणि खणातून अल्बम काढून टेबलावर ठेवला. आलोइसची सगळी तिकिटं ओळीने लावलेली, एकही कोपरा दुमडलेला नाही.

"लहानपणापासून मी हा हात बघत आलोय, कुबातोवा बाई," तो म्हणाला. "भिंगाखाली. या माणसाची रेघ मी अंधारातसुद्धा ओळखीन. म्हणून मला हे प्रकरण मागून घ्यावं लागलं."

मी म्हटलं, कॉम्रेड, तो आंधळा आहे. आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं, काळा डाग, तक्ता, नखाने जागा शोधणं, कोलीन, बहीण. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, आमच्या डॉक्टरांनीही तपासलं, कुबातांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मी ओरडले, पाठ आहे त्याला! तक्ता बदला! तो म्हणाला, बाई, तुम्ही बायको आहात, तुम्ही असंच बोलणार. मग आलोइसचा जबाब त्याने मला वाचून दाखवला. विचारलं होतं, ही रेघ तुमची आहे का? उत्तर: माझी आहे. विचारलं होतं, हात घसरला होता का? उत्तर: माझा हात घसरत नाही. विचारलं होतं, म्हणजे जाणूनबुजून कोरली? त्यावर हा मूर्ख माणूस म्हणाला होता, माझ्या हातून न जाणता काही होत नाही.

मी कपाळाला हात लावला. घातपाती म्हणून मरायला तयार आहे, पण हात चुकला म्हणायला तयार नाही! चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाशी. त्या क्षणी तो समोर असता तर मीच त्याचा गळा धरला असता.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, त्याला पोलाद द्या. कोरणी द्या. तुमच्या डोळ्यांसमोर कोरू दे. येतं का बघा.

श्तेर्बाचे डोळे चमकले. आता मला कळतं, त्या चमकेचा तपासाशी काही संबंध नव्हता. कुबातला कोरताना बघायला मिळणार, याचा तो आनंद होता. पण तेव्हा मला वाटलं देवच पावला. त्याने मला सरळ सांगितलं: कोरता आलं नाही तर हा निष्काळजीपणा ठरेल, म्हातारा माणूस, डोळे गेलेले, काही महिने आत आणि मग घरी. कोरता आलं, तर ती रेघ मुद्दाम काढलेली, म्हणजे घातपात. ते कोर्टात कुठवर जातं ते तुम्ही रेडिओवर ऐकताच. मी म्हटलं, कबूल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मी आनंदाने रडत होते.

परीक्षेच्या आधी मला त्याला भेटू दिलं. पहारेकरी जवळच उभा होता. आलोइस खूप वाळला होता, दाढी वाढलेली. माझ्या आवाजाच्या किंचित बाजूला बघत होता, म्हणजे मला बघत होता.

मी म्हटलं, "आलोइस, नीट ऐक. तुला ते कोरायला देतील. नाटक करायचं नाही, काही लपवायचं नाही. जसं येतं तसं कोर. घसरू दे हात. एवढं केलंस की तू घरी."

"कोण कोण असेल?" त्याने विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं मी. पण म्हटलं, श्तेर्बा असेल, आणि राडोमिरला बोलावलंय, चित्र त्याचं म्हणून.

त्याने दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "राडोमिरसमोर नाक घासायला लावतेस मला."

"नाक गेलं खड्ड्यात. गळा शाबूत राहू दे. आलोइस, मी एकटी काय करू रे? त्या घरात मी एकटी काय करू?"

पहारेकऱ्याने तोंड फिरवलं. आलोइसने माझा हात शोधला, चाचपून, बोटाबोटाने. आणि म्हणाला, बरं. तुझ्यासाठी. मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. त्याने पुन्हा बरं म्हटलं.

दुपारची वेळ होती. मोठी खोली, मोठी खिडकी, बाहेर बर्फ पडून गेलेला. टेबलावर पोलादाचा तुकडा, कोरणी, भिंग, चामड्याची गादी, दिवा, सगळं छापखान्यातून आणलेलं. श्तेर्बा शेजारी स्वतःचं भिंग घेऊन उभा. राडोमिर खिडकीपाशी, टोपी हातात चुरगाळत. मला भिंतीलगत बसवलं. श्तेर्बाने सांगितलं, कुबात, खाणकामगाराचा गाल आणि मान कोरा, मूळ ठशात आहे तशी, ती एक रेघ सोडून.

आलोइसने भिंग डोळ्याला लावलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण लावलं. अंगठा पोलादावरून फिरवला आणि कोरणी टेकवली. पहिली रेघ गेली, आणि गेली ती वाकडीच. टोक घसरलं, पोलादावर ओरखडा उठला. दुसरी त्याहून वाईट. तिसरी अर्ध्यातच तुटली. श्तेर्बा वाकून बघत होता आणि त्याचा चेहरा पडत चालला होता, कुणी जवळचं गेल्यावर पडतो तसा. मी ओठ दाताखाली धरले होते. माझ्या देवा, मी मनात म्हणत होते, शब्द पाळला रे याने. शब्द पाळला. मी घरच्या चुलीचा विचार करायला लागले होते. कोळसा आहे का, त्याचे लोकरी मोजे कुठे ठेवलेत, असलं काहीबाही.

श्तेर्बाने भिंग खाली ठेवलं. म्हणाला, "पुरे. मला वाटतं, आपल्याला उत्तर मिळालं." त्याचा आवाज खरोखर दुःखी होता.

आणि तेव्हा राडोमिरला माणुसकी आठवली. इतके आठवडे मूग गिळून बसला होता, दार लावून घेतलं होतं माझ्या तोंडावर. आता तो पुढे आला, आलोइसच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. मला आजही वाटतं, तो चांगल्या मनानेच बोलला.

"राहू दे, आलोइस," तो म्हणाला. "खूप केलंस. आता हात राहिला नाही तुझा. त्यात लाज कसली?"

मी उठले. मी म्हटलं, राडोमिर, गप्प बस. पण उशीर झाला होता. आलोइसची पाठ ताठ झालेली मला दिसली. चाळीस वर्षं ती पाठ मी बघत आलेय, तिचा अर्थ मला शिकवायला नको. त्याने खांदा झटकून राडोमिरचा हात काढला. पोलाद फिरवलं. अंगठ्याने कोरी जागा शोधली आणि म्हणाला, "अजून जागा आहे इथे."

मी ओरडले, आलोइस, नको. पहारेकऱ्याने मला धरलं.

त्याने भिंगसुद्धा काढून ठेवलं. डोळे मिटले. आणि कोरायला लागला. कोरणी ढकलायची नसते, हात जागेवर धरायचा आणि पोलाद फिरवायचं, तसं तो फिरवत होता, सावकाश, आणि टोकापुढे पोलादाचा केसाएवढा कीस उठत होता. एकामागून एक रेघा. खोलीत कुणी हलत नव्हतं. गाल आला, गालाखालची सावली आली, मानेची शीर आली. मला दुरून नुसता पोलादाचा चकाकणारा तुकडा दिसत होता, पण श्तेर्बाच्या तोंडावर मला सगळं दिसत होतं. ते तोंड उजळत चाललं होतं. शेवटी त्याने आपलं भिंग लावलं आणि बराच वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा हसत होता. म्हणाला, राडोमिर, हे बघा, हे बघा तुम्ही. मग त्याच्या लक्षात आलं आपण कोण आहोत आणि इथे कशाला आहोत. त्याने बटणं सारखी केली.

"त्याने बघितलं नाही!" मी म्हणाले. "डोळे मिटले होते त्याचे, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. दिवा घालवा, पडदे ओढा, तरी असंच कोरील तो. बोटांनी कोरतो तो, त्याला दिसत नाही."

श्तेर्बा माझ्याकडे वळला. त्याला माझी कीव येत होती.

"बाई, जो हात मिटल्या डोळ्यांनी असा चालतो," तो म्हणाला, "तो घसरला असं मी कोर्टाला कसं सांगू? आणि आधीच्या त्या तीन रेघा बघा. इतकं बेमालूम घसरून दाखवतो. म्हणजे हवं तेव्हा घसरता येतं त्याला."

खरं सांगितलं तरी फास, खोटं सांगितलं तरी फास. राडोमिर भिंतीला टेकून रडत होता, आणि मला त्याची दया यावी असं त्याला वाटत असावं. मला आली नाही. दोन्ही प्रकारच्या रेघा असलेला तो पोलादाचा तुकडा पुढे कोर्टात मांडला. गळ्याचा फास कसाबसा चुकला, वकील ते मोठ्या उपकाराने सांगायला आला. पंचवीस वर्षं दिली, साठीला टेकलेल्या माणसाला. तो त्यातली दोनच भोगू शकला. घरी त्याचं काही आलं नाही, टोपीसुद्धा नाही.

पण त्या दुपारी अजून ते काही घडलेलं नव्हतं. श्तेर्बा खिडकीशी जाऊन लिहायला बसला होता. पहारेकऱ्याने माझा दंड सोडला. आलोइस टेबलाशीच होता, कोरणी पुसून जागच्या जागी ठेवत होता. मी त्याच्याजवळ गेले. माझ्या मनात त्याला मारायचं होतं, खरंच सांगते. इतके दिवस मी दारोदार फिरले, पायांची चाळण केली, आणि याने एका शब्दापायी सगळं मातीत घातलं. मला म्हणायचं होतं, तुझ्यासाठी म्हणालास ना? हे माझ्यासाठी? माझ्या ओठांवर आलं होतं ते.

त्याने माझी चाहूल घेतली. तोंड माझ्याकडे वळवलं, नेहमीसारखं किंचित बाजूला. घामाने कपाळ ओलं झालं होतं. हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, त्याने विचारलं:

"हर्मीना, कशी आलीय?"

मी टेबलावरचं भिंग उचललं आणि वाकून बघितलं. गाल हसरा होता. मान मोकळी होती. इतकी सुरेख मान त्याने आयुष्यात कोरली नव्हती. मी ती बघत राहिले, आणि तो श्वास धरून वाट बघत राहिला.

मी म्हटलं, "छान आलीय, आलोइस. एकही रेघ चुकली नाही."

त्याने मान हलवली, टोपी घातली आणि पहारेकऱ्याच्या पुढे चालायला लागला.